पांढऱ्या खोलीचं कारण

आमच्या पुढच्या खोलीतले दिवाण मी का काढले, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. सगळ्यांना सांगितलेलं कारण होतं स्वीडन. खरं कारण होतं पाहुणे. आणि त्याचा बोल लागला बायकोला.

उज्जैनला घर असणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. महाकाल आपल्या गावात, म्हणून अकोल्यापासून पुण्यापर्यंतचा सगळा गोतावळा आपल्या घरात. ‘दर्शनही होईल, तुमची भेटही होईल,’ असं पत्र यायचं. कधी तेही नाही, सरळ स्टेशनवरून टेम्पो दारात. श्रावणात सोमवारी महाकालाची पालखी निघते, त्या सवारीला तर विचारू नका. पुढच्या खोलीत दोन दिवाण, त्यांवर गाद्यांची चळत. पहाटे भस्मारतीला जाणारे उठायचे, आणि ते परत येऊन आडवे होईपर्यंत बाकीचे उठायचे. बँकेतून घरी आलो की माझ्याच घरात चप्पल कुठे काढावी कळायचं नाही. पण देवाला आलेल्या माणसाला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. मला तर एरवीही तोंड उघडायला जड जायचं.

तेव्हा नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. घरोघरी केबल आलं होतं, फ्रीगंज बाजारातल्या दुकानांत रोज काहीतरी नवं दिसायचं. तिथल्याच फुटपाथवर मला एक जुनं विदेशी मासिक मिळालं. स्वीडनमधली घरं होती त्यात. पांढऱ्या भिंती, फिकट लाकूड, कोपऱ्यात बुटका दिवा, खुर्चीवर लोकरीची शाल, आणि बाकी सगळी मोकळी जागा. एका फोटोत एकच माणूस पुस्तक वाचत बसला होता. मी ते चित्र फार वेळ पाहिलं. खोली सुंदर होतीच, पण त्या खोलीत दुसरं कुणी झोपूच शकत नव्हतं.

बायकोला फोटो दाखवले. ती हरखली. “आपल्याकडे होईल असं?”

“का नाही? फक्त दिवाण काढावे लागतील. गाद्याही.”

“मग पाहुणे आले की?”

“तेव्हाचं तेव्हा बघू.”

सुतार म्हणाला, “साहब, ये तो पेटी की लकड़ी है, पब्लिक हँसेगी.” तरी त्याच खोक्याच्या फिकट लाकडाच्या दोन खुर्च्या आणि एक बुटकं टेबल झालं. भिंती पांढऱ्या झाल्या. शेजारचे शर्माजी डोकावून म्हणाले, “भाईसाब, सामान अभी आना बाकी है क्या?” फोटोतल्यासारखी खुर्चीवर टाकलेली लोकरीची शाल चैत्रातल्या उकाड्यातच बायकोने पेटीत टाकली. दिवाण विकले. गाद्या समाजाच्या धर्मशाळेला दिल्या, पुण्य म्हणून.

पहिल्या संध्याकाळी कोपऱ्यातला दिवा लावून आम्ही दोघं चहा घेत बसलो. कुणी कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या विचारत नव्हतं, कुणी न्हाणीघराच्या दाराशी टॉवेल घेऊन उभं नव्हतं. इतकं शांत मला त्या घरात कधी वाटलं नव्हतं. हे लपवायचं नाही, मी सुटलो होतो.

श्रावणात अकोल्याहून धाकटी बहीण आली, तिच्या सासूबाईंना घेऊन. दारातच थबकली. खोलीभर नजर फिरवली. “वहिनी, छान केलंत हो. अगदी दवाखान्यासारखं.” मग, “आम्ही आडवं कुठे व्हायचं?”

बायको गोंधळली. म्हणाली, “सतरंजी घालते ना.” सासूबाईंच्या गुडघ्यांना सतरंजी कशी चालणार? बहिणीने पिशवी उचलली आणि दोघी धर्मशाळेत उतरल्या. तिथे तिला जी गादी मिळाली, तिची खोळ तिनेच शिवलेली होती, आमच्या आईच्या लुगड्याची.

ते तिने नात्यातल्या पुढच्या लग्नात भर पंगतीत सांगितलं. “वहिनींच्याच गादीवर झोपले बाई, फक्त पत्ता वेगळा होता!” बायका हसल्या. बायको वाढत होती, तिचा हात तसाच थांबला. मी समोरच जेवत होतो.

नंतर बहिणीने मला बाजूला घेतलं. “दादा, तू काही बोलू नकोस. मला कळतं. तुझं घरात चालत नाही.”

मी खरंच काही बोललो नाही. माझ्या तोंडून एक वाक्य निघायला हवं होतं, आणि मी पान खात उभा राहिलो.

मग पाहुणे आटले. मला हवं होतं तेच झालं. नातेवाइकांत मात्र बायकोचं नाव ‘स्वीडनवाली’ पडलं.

इतक्या वर्षांनी, गेल्या आठवड्यात त्याच बहिणीच्या मुलीचा फोन आला. नवं लग्न झालेलं, जावयांना घेऊन दर्शनाला यायचं होतं. “मामी, स्टेशनजवळ चांगलं हॉटेल कोणतं? आई म्हणाली, मामींना त्रास नको.” बायकोने नाव सांगितलं, फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिली.

“भाची मामाच्या गावात येते आणि हॉटेलात उतरते. मी असं काय केलं होतं हो?”

“तू काही नाही केलंस. मी केलं.”

आणि मग सगळं सांगितलं. दिवाण, गाद्या, तो फोटो, लग्नातलं माझं गप्प राहणं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “मला वाटायचं, ती खोली तुम्ही माझ्यासाठी केलीत.”

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो.

“कंटाळा मलाही यायचा,” ती म्हणाली. “स्वयंपाक मीच करत होते ना. सांगितलं असतंत तर दोघं मिळून नाही म्हणालो असतो. आता आधी तिला परत फोन करा. हॉटेल-बिटेल नको म्हणावं. आणि दोन गाद्या भरून आणा.”

मी लगेच फोन केला. पिंजाऱ्याकडे गेलो. परत येताना सायकल हलकी चालते आहे असं वाटलं. घरी आलो तर तिने ताट वाढून ठेवलं होतं. बोलत नव्हती, पण वाढून ठेवलं होतं. मी पोटभर जेवलो.

“बहिणीलाही फोनवर सांगू का?” मी विचारलं.

“फोनवर नाही. पंगतीत ऐकून घेतलंय मी.”

बरोबर आहे तिचं. मला अकोल्याला जायचं आहे. बहिणीसमोर, तिच्या घरच्या सगळ्यांसमोर बसून सांगायचं आहे, की वहिनीचा यात काही दोष नव्हता, तुम्ही येऊ नये असं मला वाटत होतं. हे अजून झालेलं नाही.