चौदा चौरस मिलिमीटर

विश्रांतवाडीची उत्कर्षा ओव्हाळ आठ वर्षं दुसऱ्यांची दुखणी टाइप करत होती. कानांवर हेडफोन, पायाखाली आवाज थांबवायचं पेडल. अमेरिकेतला डॉक्टर बोलणार, हिने ऐकून रिपोर्ट उतरवायचा. आपलं दुखणं मात्र तिने कुणाला कळू दिलं नव्हतं. उजव्या हाताची तीन बोटं मुंग्यांनी भरून यायची, चहाचा कप निसटायचा. त्या महिन्यात कंत्राटी बायकांपैकी दोघींना कायम करणार होते आणि यादीत हिचं नाव पहिलं होतं. साहेबांची सही होईस्तोवर हात तगला की झालं!

अखेर एका दिवसाची रजा टाकून ती सोनोग्राफी सेंटरमध्ये गेली. भिंतीवर गर्भलिंगनिदान होत नसल्याची पाटी, बाकावर पोटुशा बायका. हिने मनगट पुढे केलं. डॉक्टर सुनीतीबाईंनी गार जेल लावून वर यंत्राची मूठ फिरवली.

“ही मधली नस. मनगटाच्या बोगद्यात शिरतानाच बघा कशी फुगलीय. दहाच्या आत असायला हवी, तुमची चौदा चौरस मिलिमीटर.”

“कार्पल टनेल,” उत्कर्षा म्हणाली.

“नर्स आहात?”

“नाही. तुमच्यासारख्यांचं बोलणं टाइप करते.”

“मग सल्लाही पाठ असेल.”

“पट्टा बांधा, टायपिंग थांबवा.”

“थांबवाल?”

उत्कर्षाने हसून मनगटावरचं जेल पुसलं.

इकडे घरी ऑफिसचा फोन आला. सासूबाईंनी, कौशल्याबाईंनी उचलला. ‘आई, हाताची सोनोग्राफी आहे,’ असं सून निघताना दोनदा बजावून गेली होती. पण हाताची कधी सोनोग्राफी असते होय? लग्नाला सहा वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. पोरगी दृष्ट लागू नये म्हणून लपवतेय, एवढं त्यांना कळत होतं.

“सोनोग्राफीला गेलीय ती,” त्या लाजत म्हणाल्या. “आता तुम्हीच काय ते समजून घ्या, साहेब.”

साहेबांनी समजून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्याच साहेबांनी, सुदर्शन सरांनी, उत्कर्षाला केबिनमध्ये बोलावलं. “अभिनंदन! पेढे कुठायत?”

“कसले, सर?”

“अहो, घरून कळलं आम्हाला. या खेपेला यादीत तुमच्या जागी निकिताला घेतलंय. तुम्ही आता आराम करा.”

रिपोर्ट पर्समध्येच होता. गप्प बसावं तर नसलेल्या बाळापायी नोकरी जाणार. दाखवावा तर असलेल्या मनगटापायी. तरी तिने तो टेबलावर ठेवला.

“बाळ नाही, सर. मनगट आहे. उपचार केले की बरं होतं.”

सरांनी रिपोर्ट शेवटपर्यंत वाचला.

“बाळंतपण असतं तर सहा महिन्यांनी परत तरी आला असतात. हे काय, आज बरं, उद्या पुन्हा. त्यापेक्षा तुम्हीच राजीनामा द्या. अनुभवाचं पत्र झकास देतो.” मग ती उठली तसं, “राजीनामा टाइप करूनच द्या हं. हस्ताक्षरातलं वरचे घेत नाहीत.”

ती जागेवर जाऊन बसली. बोटं बधिर होती. चार ओळी. एकही चूक नाही.

संध्याकाळी टेबलावरचं सामान पिशवीत भरून घरी आली, तर कौशल्याबाई जिन्याशीच वाट बघत उभ्या.

“हळू चढ गं! आण ती पिशवी इकडे. जड काही उचलायचं नाही आता.”

उत्कर्षाने उजव्या हातातली पिशवी दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्या हातातलं ओझं घेतलं होतं.