ओठांवरची हाक

माझा देवावर फार विश्वास होता, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मंदीच्या त्या वर्षी भिवंडीतला आमचा लूमचा कारखाना बंद पडला, तेव्हा तर मी देव्हाऱ्याकडे पाठ करून जेवायचो. उभा जन्म लूमवर गेलेला, दुसरं काही येत नव्हतं, आणि त्या खटखटाटानं कान पार बाद केलेले. गोदामांच्या गेटवर भरतीसाठी नावं पुकारायचे. मला ऐकू यायचं नाही, गर्दीत पुकारणाऱ्याचं तोंडही दिसायचं नाही, आणि माझी पाळी निघून जायची. आता काम लागलं नाही तर खोली सोडून बायकोच्या माहेरी राहायचं ठरलं होतं. मेहुण्याच्या घरी आयतं बसून खायचं! त्यापेक्षा मरण बरं वाटायचं. विचित्र म्हणजे, गावातले लूम थांबले तरी माझ्या कानातले चालूच होते. जेवताना, झोपताना, खट-खट, खट-खट.

जायच्या आधी देवीआईचं दर्शन घेऊ, म्हणून बायकोनं मला वज्रेश्वरीला नेलं. हात जोडले, पण मागितलं काहीच नाही, रागच होता मनात. मग अकलोलीच्या गरम कुंडांपाशी जाऊन बसलो. भरदुपार होती. अचानक कानातले लूम थांबले. इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. अंगावर सर्रकन काटा आला. समोरच्या कुंडात, वाफेत, हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी गळ्यापर्यंत पाण्यात उभी होती. माझ्याकडे बघत तिनं ओठ हलवले. आवाज नाही. लूमच्या गोंगाटात आम्ही कामगार असंच बोलायचो, एकमेकांचे ओठ वाचून. मी वाचलं, "माळा. जा."

"ती म्हातारी कोण गं?" मी बायकोला विचारलं.

"कंची म्हातारी? अवो, त्या कुंडात कोन उतरंल? कातडी सोलून निघंल!"

पुन्हा पाहिलं तर नुसती वाफ. कानात खटखट परत सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी धामणकर नाक्यावरून रिक्षा धरून एका गोदामावर गेलो. गेटवर पुकारा चालला होता. म्हातारीचं ‘माळा’ आठवलं; मी थांबलोच नाही, सरळ जिना चढून वरच्या माळ्यावर गेलो. चौकीदार मागून ओरडला असेलही, मला काय ऐकू येणार! वर पॅकिंगच्या मशिनी कानठळ्या बसवत होत्या. सुपरवायझर घसा फोडून नव्या लोकांना काहीतरी सांगत होते, कुणाला काही कळत नव्हतं. मला लांबूनच कळलं. मी पुढं होऊन, ते सांगत होते तसं, खोकं उलटं केलं.

त्यांनी मला बाजूला घेतलं. "तुम्हाला ऐकू आलं?"

"ऐकू न्हाय आलं, भाई. दिसलं."

"लूमवाले दिसता!" ते हसले. "उद्यापासून ड्युटीवर या. आणि ही विद्या यांनाही शिकवा."

त्या दिवशी बायको देव्हाऱ्यापुढे बसून हमसून हमसून रडली, आणि मीही.

पुढे एकदा नव्या लोकांना शिकवताना मी नेहमीचं सांगत होतो, "सांभाळून वाचा हां, ओठांवर ब आणि म सारखेच दिसतात." आणि बोलता बोलता मला कुंडातली ती म्हातारी आठवली. ती ‘माळा’ म्हणाली नसेल. ती ‘बाळा’ म्हणाली असेल. माझी आई गेल्यापासून मला या जगात कुणी बाळा म्हटलेलं नाही.

ती कोण होती, यावर मी वाद घालत नाही. नीट कळलं नाही तरी, जा म्हटलं की निघायचं, एवढं शिकलो. आई, तुझी हाक मी चुकीची वाचली, तरी तू मला बरोबर जागी पोचवलंस.