मूळव्याधीच्या ऑपरेशननंतरची एकादशी

२१ जून. स्वयंपाकघरात उभ्यानेच साबुदाण्याची खिचडी परतत होते. ऑपरेशनला तीन दिवस झाले होते आणि बसणं जमत नव्हतं. घरात सांगितलं होतं, आज एकादशी, मी एवढंच खाईन. खरं कारण वेगळं होतं. पोटात काही गेलं नाही तर शौचाला जावं लागणार नाही, एवढाच माझा विचार.

मूळव्याधीचं निदान महिन्यापूर्वी झालं. इथल्या, बंगळुरातल्या जयनगरच्या सर्जनबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "ग्रेड फोर पाइल्स." म्हणजे कोंब बाहेरच राहतात, ढकलूनही आत जात नाहीत. त्यांनी हेमोरॉइडेक्टॉमी सुचवली, म्हणजे कोंब कापून काढायचे. ऑपरेशन कळलंसुद्धा नाही, कमरेखाली बधिर केलं होतं. भीती बसली ती दुसऱ्या दिवशी. शेजारच्या कॉटवरची बाई शौचाला गेली आणि आतून तिची किंकाळी आली. तेव्हाच ठरवलं, आपण जायचंच नाही.

घरी दुखण्याच्या गोळ्या वेळेवर घेतल्या. सिट्झ बाथ, म्हणजे कोमट पाण्याच्या टबात बसणं, तेही केलं. स्टूल सॉफ्टनर, म्हणजे मल मऊ ठेवणारं औषध, तेवढं टाळलं. पाणीही घोटभरच.

खाली राहणारी माझी नणंद वर आली. कढईत डोकावली.

"एकादशी? तू? मागच्या एकादशीला दर्शिनी हॉटेलात उभ्याने मसाला डोसा खाल्लास. मी शेजारीच उभी होते."

"अक्का, स्वल्प गप्प बसा."

"मी बसते गप्प. तुझं पोट बसणार आहे का?"

संध्याकाळपर्यंत पोट दगडासारखं झालं. कळ यायची, मी श्वास रोखून ती परतवायची. कपाळावर घाम आला तेव्हा नवऱ्याने न विचारता सर्जनबाईंना फोन लावला.

"अम्मा, जितकं थांबाल तितकं ते कडक होईल," त्या म्हणाल्या. "मग जखमेला जास्त लागेल. आणखी थांबलात तर इथे आणून बोटाने काढावं लागेल. चालेल?"

चालणार नव्हतं.

"साबुदाणा बंद. औषध आत्ता घ्या. भरपूर पाणी, पपई, भाजी. जोर लावायचा नाही. थोडं रक्त दिसेल, घाबरू नका. रक्त थांबेना, गाठी पडल्या, ताप आला किंवा लघवी अडली, तर लगेच निघून या."

नवरा पपई घेऊन आला. मी औषध घेतलं आणि पपई खाल्ली. प्रत्येक फोडीबरोबर वाटत होतं, ही उद्या बाहेर येणार.

तुमचंही हे ऑपरेशन ठरलं असेल तर एवढं ऐका. भीती वाटणारच, ती घालवायच्या मागे लागू नका. खाणं आणि औषध मात्र भीतीच्या हाती देऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुखण्याची गोळी घेतली, ती लागू पडेपर्यंत थांबले आणि आत गेले. पायांखाली पाट ठेवला. कडी लावली नाही.

"अहो, बाहेर उभे राहा. काहीतरी बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. ट्रॅफिकचं बोला."

तो के. आर. पुरमच्या पुलावर कसा अडकला होता ते सांगू लागला. पूल संपायच्या आत माझं झालं. दुखलं. काच ओढल्यासारखं दुखलं, डोळ्यांतून पाणी आलं, थोडं रक्तही गेलं. पण मी ओरडले नाही, आणि ती कळ सहन होण्याच्या पलीकडची नव्हती. मग कोमट पाण्यात बसले. हळूहळू ठणका उतरला.

अक्कांनी खालून इडल्या आणि पालकाचं सांबार पाठवलं होतं. ओट्यापाशी उभी राहून मी तीन इडल्या खाल्ल्या. उद्या पुन्हा जावं लागणार हे माहीत होतं, तरी चौथी घेतली.