माडाच्या पायऱ्या

इस्माईलभाई गेल्याचं मला इथे दोहात, अल अझीझियाच्या सुपरमार्केटमध्ये कळलं. हातात दह्याचा डबा, समोर वर्ल्ड कपच्या झेंड्यांचा ढीग, आणि कानाशी रत्नागिरीजवळच्या त्यांच्या गावातून आलेला त्यांच्या बायकोचा, रुखसानाभाभींचा व्हॉइस मेसेज... "भाऊ, हे गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत." मी तो तीनदा ऐकला. मग दही घेतलं, रांगेत उभा राहिलो, घरी आलो. बातमी सांगायला घरात कोणी नव्हतं. बायको आणि मुलगी दोन वर्षांपूर्वीच नाशिकला परतल्या आहेत. भाई जाऊन आता सहा आठवडे झाले.

आमची ओळख स्टेडियमच्या साइटवरची. मी स्टोअर सांभाळायचो, ते परांची बांधणाऱ्यांचे फोरमन. एकदा स्टोअरच्या खिडकीशी येऊन म्हणाले, "भाऊ, पाइपचे तुकडे भंगारात जाणार ते मला द्या. माडावर चढायला पायऱ्या करतोय." मी नाशिककडचा. आमच्याकडे नारळ दुकानात दिसतो, झाडावर नाही. मी 'माडीवर' ऐकलं. साहेबांची सही घेतली, गेटपासवर 'जिन्याचं सामान' लिहिलं आणि मेसमध्ये जाहीर करून टाकलं की इस्माईलभाई गावच्या घरावर माडी बांधतायत. दोन दिवस लोक त्यांचं अभिनंदन करत होते, एकाने तर मिठाई मागितली. तिसऱ्या दिवशी ते तणतणत आले. "अवो, माडी कसली? माड, माड! नारळाचं झाड! आहे त्या घरात बायको एकटी राहते, वर माडी कोणासाठी बांधू?" आजूबाजूचे सगळे हसले, मग ते स्वतःही हसले. दोस्ती तिथून झाली.

तो माड त्यांच्या आईने लावलेला, अगदी अंगणात. गावात पाडेली, म्हणजे नारळ काढून देणारा, उरला नव्हता. सुकलेले नारळ आपोआप पडायचे, दोनदा कौलं फुटली होती. भाईंनी इथून एक पिवळं हेल्मेट विकत घेऊन भाभींना पाठवलं, अंगणात जाताना घालायला, आणि ती माउली ते घालायचीही! लहानपणी भाई पायांत दोरीचं कडं अडकवून सरसर माडावर जायचे. आता पन्नाशी उलटली होती आणि गुडघे कुरकुरत होते. तरी आईच्या माडावर एकदा स्वतः चढायचं आणि स्वतःच्या हाताने नारळ उतरवायचे, एवढंच त्यांना हवं होतं. दुसरी कुठलीच हौस मी त्या माणसात पाहिली नाही.

पायरी म्हणजे वीतभर पाइपचा तुकडा, मागे खोडाला बसेल अशी वाकवलेली लोखंडी पट्टी, आणि ट्रकवर माल आवळायचा जुना पट्टा. खोडाभोवती आवळला की पाय ठेवायला जागा झाली. एकीवर उभं राहून वरची बांधायची, असं करत वर जायचं. वर पोचल्यावर कमरेखालून खोडाभोवती एक रुंद पट्टा घ्यायचा, त्यात मागे रेललं की दोन्ही हात मोकळे. तो पट्टा मात्र त्यांनी नवा आणला. म्हणाले, "भंगारावर पाय ठेवायचा भाऊ, जीव नाय."

अल गराफातल्या एका व्हिलाचा माळी त्यांच्या ओळखीचा होता. शुक्रवारी ऊन उतरलं की तिथल्या खजुरावर आमची चाचणी चालायची. पहिल्याच दिवशी पायऱ्या अशा घट्ट बसल्या की मी टाळ्या वाजवल्या. भाई खाली उतरून म्हणाले, "खजुराला खवले असतात, तिथे काहीही टिकेल. माड हा असा गुळगुळीत!" पुढच्या आठवड्यात प्रत्येक पट्टीला आतून फुटक्या होजचं रबर लागलं. माझं काम त्यांच्या कमरेला बांधलेली दोरी धरून खाली उभं राहण्याचं. वरून ते दर दोन पायऱ्यांनी खाली बघायचे, मी आहे का ते. दोहात माझ्याकडे असं वळून बघणारं दुसरं कोणी नव्हतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"गावी चढेन तेव्हा दोरीला तुम्हीच," ते एकदा म्हणाले.

"येईन ना, इन्शाल्ला."

ते हसले नाहीत. "भाऊ, हा ऑफिसातला इन्शाल्ला नको."

आमच्या ऑफिसात इन्शाल्ला म्हणजे काम होणार नाही हे गोड शब्दांत सांगणं. मी तोच म्हटला होता आणि त्यांनी तो बरोबर ओळखला.

स्टेडियम उभं राहिलं, भाई कायमचे गावी गेले. दर शुक्रवारी फोन यायचा. "माडाने वाट बघायची तरी किती?" मी सांगायचो, वर्ल्ड कप जवळ आलाय, रजा बंद आहेत. ते निम्मंच खरं होतं. उन्हाळ्यात मला दहा दिवस मिळाले होते. ते मी नाशिकला झोपून आणि मुलीबरोबर दुकानं फिरून घालवले. रत्नागिरी लांब वाटली. मी भारतात येऊन गेलो हे त्यांना सांगितलंसुद्धा नाही... याची मला लाज वाटते, आणि ती कमी होत नाही.

गेल्या आठवड्यात धीर करून भाभींना फोन केला. त्या म्हणाल्या, "माडाला तीन पायऱ्या बांधलेल्यात. खालून हात पोचला तेवढ्याच. शेजारचे म्हणत होते, आम्ही धरतो दोरी. यांनी ऐकलं नाही. म्हणाले, भाऊ यायचेत."

मग त्यांनी विचारलं, "आता सोडायला हव्यात. पट्टा कसा सुटतो तो? मला जमत नाही."

फोनवर समजावता आलं असतं. साधा खटका आहे, अंगठ्याने दाबायचा. मी म्हणालो, "येतो."

"बरं, या," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

आपल्याकडे निरोप घेतानाही येतो असंच म्हणतात. त्यांनी तसंच धरलं.