मारिसोल वेगा इबार्रा, पूर्ण नावानिशी

मारिसोल सुट्टीवर गेलीच नव्हती. तिला काढलं होतं.

आज सकाळी ती हार्ट अटॅकनं गेली. म्हणून आता बोलतेय.

२००१ मध्ये मी नागपूरहून डॅलसला आले आणि एका छोट्या स्पॅनिश चॅनलमध्ये ग्राफिक्सला लागले. टीव्हीवर माणसाच्या खाली नाव येतं ना, ते टाकायचं काम.

मारिसोल आमची सहाच्या बातम्यांची अँकर.

पहिल्याच दिवशी मी "मारिसोल वेगा" टाकलं. ब्रेकमध्ये ती स्वतः उठून माझ्याकडे आली.

"वेगा माझे वडील. इबार्रा माझी आई. ती कुठे गेली?"

त्यांच्यात वडिलांचं आणि आईचं, दोन्ही आडनावं लावतात. तिची आई शेतात टोमॅटो तोडायची. वाचता येत नव्हतं, पण टीव्हीवर "इबार्रा" तेवढं बरोबर ओळखायची.

आमचा न्यूज डायरेक्टर रॉबेर्तो कुरकुरायचा, "नाव फार लांब होतं."
"मग स्क्रीन मोठा घे," ती म्हणायची. दोघं हसायचे.

त्याच्या मुलीची ती गॉडमदर. एवढं घरचं नातं.

त्याच रॉबेर्तोनं यंदा केसानं गळा कापला. चॅनलला तरुण चेहरा हवा होता. एका शुक्रवारी तिला केबिनमध्ये बोलावून सांगितलं.

तिनं एवढंच मागितलं, "लोकांचा निरोप घेऊ दे. एक मिनिट."
"सोमवारी बघू."

सोमवारी तिचं कार्ड दारावर चालेना.

प्रेक्षकांचे फोन यायला लागले. आम्हाला सांगायला लावलं, ती सुट्टीवर आहे.

ग्रोसरीत बायका तिला अडवायच्या. आम्हाला सोडून एवढी कसली सुट्टी, म्हणायच्या.
मला फोनवर म्हणाली, "वैशाली, त्यांना वाटतं मीच त्यांना टाकून गेले."
नोकरीपेक्षा तिला हे लागलं होतं.

आज सहाच्या बातम्यांत रॉबेर्तो स्वतः कॅमेऱ्यासमोर बसला. "आमच्या फॅमिलीतली होती," म्हणाला. डोळे पुसले.

बरोब्बर एक मिनिट दिलं तिला.

बातम्या सुरू व्हायच्या आधी फोटोखाली मी पूर्ण नाव टाकलं होतं.
"टू लाँग, वैशाली. कट इट."
मी हात मागे घेतले. त्यानं स्वतः इबार्रा खोडलं.

तिची आई अजून आहे. आज टीव्हीसमोर बसली असेल, लेकीच्या फोटोखाली आपलं नाव शोधत.

हे वाचून उद्या मलाही सुट्टीवर पाठवतील. पाठवू देत.

मारिसोल वेगा इबार्रा, तू कुणाला टाकून गेली नव्हतीस.
ये आता. मनापासून निरोप.