रुखवतातलं इंजिन

आमचे नाना रेल्वेचं इंजिन छत्रीनं मोजत. श्रीरामपूरच्या स्टेशनात गाडी थांबली की फलाट संपतो तिथून ते खाली उतरत, इंजिनाच्या मोठ्या चाकाला काळी छत्री उभी लावत आणि तोंडातल्या तोंडात म्हणत, "पावनेदोन छत्र्या." मग चाकांना जोडणारा दांडा, मग चिमणीचा अंदाज. घरी आल्यावर एक छत्री म्हणजे दोन बोटं, या हिशेबानं ते सगळं पत्र्यावर उतरवायचं. फूटपट्टी का नेत नाही, असं मी एकदा विचारलं. नाना म्हणाले, "फूटपट्टी बघितली की मानसं इचारत्यात. छत्रीला कोन इचारतंय?" एकदा एका प्रवाशानं त्यांना रेल्वेचा साहेब समजून डब्यात दिवे नसल्याची तक्रार केली होती. नानांनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि "बघतो" म्हणाले.

नाना म्हणजे माझे सासरे. नेवाशाच्या गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. नेवाशाला रेल्वे नव्हती आणि नानांच्या घराण्यात रेल्वेची नोकरी कोणी केली नव्हती. तरी रविवार आला की हा माणूस एसटीनं श्रीरामपूर गाठायचा, इंजिन बघायचा आणि परतीच्या एसटीनं घरी यायचा. हे वेड कुठून लागलं असं विचारलं, की ते विचारणाऱ्याच्या म्हशीची चौकशी करत. म्हशीचा विषय निघाला की नेवाशात दुसरा कुठलाही विषय टिकत नसे.

त्यांची बायको लवकर गेली. घरात नाना आणि सुमन, म्हणजे पुढं माझी बायको झालेली त्यांची एकुलती एक लेक. शेजारपाजारच्या मुली भातुकली खेळत तेव्हा ही सांडशीनं तापलेला पत्रा धरून बसलेली असे. वाफेवर चालणारं ते छोटं इंजिन दोघांनी मिळून केलं. फुटक्या बंबातली तांब्याची नळी म्हणजे त्याचा बॉयलर. गुरांना औषध पाजायच्या दोन पितळी पिचकाऱ्या दवाखान्यानं रद्द करून टाकल्या होत्या. त्या डॉक्टरांना विचारून घरी आणल्या आणि त्यांचे सिलिंडर झाले. शेर जाऊन किलोग्रॅम आल्यावर वाण्याकडं निकामी पडलेली जुनी पितळी वजनं पंप दुरुस्त करणाऱ्याच्या लेथवर घासून घेतली, ती चाकं. खाली स्पिरिटचा दिवा. सुमन मॅट्रिक झाली तरी इंजिन हलत नव्हतं. कोणी हसलं तर नाना म्हणत, "घाई वाफेला असती. आपल्याला कशाला?"

इंजिनाबद्दल ते बोलत ते गुरांच्या दवाखान्याच्या भाषेत. वाफ जास्त झाली की, "पोट फुगलंय, वारा सरला पायजे." चाक अडखळलं की, "मागच्या उजव्या पायात लंगडतंय." जनावराच्या पुढं एकदम जायचं नाही, आधी बाजूला उभं राहायचं, हा नियम त्यांनी इंजिनालाही लावला होता. ते पहिल्यांदा आपल्या पायानं चाललं तेव्हा नानांनी सवयीनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि पंजा भाजून घेतला. सुमन सांगते, त्या दिवशी हाताला मलम लावताना नाना हसत होते. तिनं त्यांना तसं हसताना आधी बघितलं नव्हतं.

मी कोल्हारचा, पाटबंधारे खात्यात कारकून. मुलगी बघायला मी, आई आणि मावशी असे तिघं नेवाशाला गेलो. पोहे झाले, चहा झाला. पगार, शेती, नातेवाईक यांतलं नानांनी काहीही विचारलं नाही. बऱ्याच वेळानं माझ्याकडं बघून म्हणाले, "पत्र्याला पत्रा झाळायला येतो का तुमाला? कथलानं?" मी नाही म्हणालो. तेवढ्यात खाली मान घालून बसलेली मुलगी म्हणाली, "मला येतो." सुमनचं मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. आई परतीच्या वाटेवर म्हणाली, "मुलगी गुणी आहे. बापाचं काही कळलं नाही."

लग्न नेवाशालाच झालं, बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी. आता रुखवत भरायचं ते मुलीच्या आईनं आणि मावश्या-माम्यांनी. सुमनला आई नव्हती. नानांच्या बहिणीनं, म्हणजे आक्कांनी, होतं नव्हतं ते मांडलं. करंज्या, चिरोटे, लाडूंची उतरंड, मण्यांची बाहुली, लोकरीचे दोन ससे. तरी टेबल अर्धं रिकामंच. वरपक्षाच्या बायका यायची वेळ झाली तेव्हा आक्कांनी फडताळ उघडलं, इंजिन बाहेर काढलं, त्याला हळद-कुंकू लावलं आणि लाडू आणि सशांच्या मध्ये ठेवून दिलं. शोभेला म्हणून. रुखवतात मांडलेलं सगळं मुलीबरोबर सासरी जातं, हे घाईत त्यांच्या डोक्यातून गेलं. नाना त्या वेळी मांडवामागं होते. पाण्याची टाकी ओढून आणणाऱ्या बैलाचं पोट फुगलं होतं आणि ते त्याला तेल पाजत होते.

बैल उठून उभा राहिला आणि नाना हात धुऊन मांडवात आले, तेव्हा आमचा ट्रक निघायच्या बेतात होता. माझी मावशी पुढं बसली होती आणि इंजिन तिच्या मांडीवर होतं. आक्कांच्या तोंडचं पाणी पळालं. नानांनी एकदा इंजिनाकडं बघितलं, एकदा सुमनकडं. मग मावशीला म्हणाले, "आडवं धरू नका. तेल सांडतं." बास. मुलगी सासरी जाताना बाप रडतो, तसे ते रडले नाहीत. ट्रक हलला तरी मात्र छत्री हातात उलटी धरून तसेच उभे होते.

आमच्याकडं जुन्या लोकांत एक रीत होती. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही. कडक माणसं पाणीसुद्धा घेत नसत, आणि कारणाशिवाय तिच्या दारात जात नसत. महिनाभरानं नाना आमच्या दारात उभे राहिले ते कारण घेऊन. काखेत लाकडी पट्ट्यांवर ठोकलेले रूळ, हातात औषधाची बाटली. चप्पल काढायच्या आधी म्हणाले, "इंजिन कसं हाय?" सुमन माझ्या मागंच उभी होती. ती तशीच आत गेली आणि चुलीपुढं बसून रडली. मी समजूत घालायला गेलो तर म्हणाली, "महिन्यानं आले आणि आधी त्याची चौकशी." बाहेर नानांनी सोप्यावर रूळ जोडले आणि बाटलीतलं पाणी बॉयलरमध्ये ओतलं. ते त्यांनी नेवाशाहून आणलं होतं. "अहो, घरात पाणी आहे," आई म्हणाली. नाना म्हणाले, "ऱ्हाऊ द्या विहीनबाई. मी न्हाई पीत, मग माझ्या इंजिनानं का प्यावं?"

इंजिन भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत गेलं आणि थांबलं. आईनं आधी त्यावर विणलेला रुमाल टाकून ठेवला होता. त्या दिवसापासून रुमाल गेला आणि गल्लीतल्या बायकांना इंजिन दाखवताना ती "आमचं" म्हणू लागली. नानांनी इंजिन गार होऊ दिलं, पुसलं, शिट्टी काढून खिशात टाकली आणि म्हणाले, "ही जरा सुधारून आनतो." पुढच्या महिन्यात शिट्टी आली आणि चिमणी गेली. चिमणी परत आली तेव्हा एका बाजूचा दांडा गेला. आमच्या घरी ते इंजिन कधी पुरतं असं नव्हतंच. पाहुणे आले की आईला सांगावं लागे, "चिमणी नेवाशाला गेलीय."

मला आपलं वाटलं, या माणसाचा जीव इंजिनात अडकलाय आणि रीतीपायी तो मागू शकत नाही. म्हणून एकदा मी मोठ्या मनानं म्हणालो, "नाना, इंजिन तुम्ही परत घेऊन जा. आमची काही हरकत नाही." आईनंही मान डोलावली. नानांचा चेहरा उतरला. बैलाला विकायला काढलंय असं सांगितल्यावर शेतकऱ्याचा उतरतो, तसा. "रुखवतातलं परत नेत न्हाईत, जावईबापू," ते म्हणाले आणि त्या दिवशी दांडा, वाफेचा वॉल आणि शिट्टी अशा तीन गोष्टी घेऊन लवकर निघून गेले.

ते गेल्यावर सुमननं मला धारेवर धरलं. म्हणाली, "शिट्टीला काय झालं होतं?"

"मला काय माहीत?"

"मला माहीत आहे ना. मीच झाळलीय ती. तिला काहीही झालेलं नाही. चिमणीलाही झालं नव्हतं. दोन महिने बघतेय मी." मग म्हणाली, "इंजिन तिकडं गेल्यावर ते इथं काय सांगून येतील?"

माझी अक्कल तेव्हा चरायला गेली होती ती आली. लेकीच्या घरी बापानं उगाच जायचं नाही, अशा रीतीत वाढलेला माणूस तो. लेकीची आठवण आली हे काही कारण होत नाही. चिमणी बसवायची आहे, हे होतं. सुमनचा राग त्या दिवसापासून गेला. नाना दारात येऊन "इंजिन कसं हाय?" म्हणाले की ती आतूनच सांगे, "बरं न्हाई. सारखं गळतंय." मग दोघं इंजिनापुढं बसत. बोलणं वॉशरचं आणि तेलाचं. मी त्यात कधी पडलो नाही.

मग दुष्काळ आला. जागोजागी गुरांच्या छावण्या उघडल्या आणि नानांची नेमणूक छावणीवर झाली. शेकडो जनावरं आणि औषध देणारी माणसं थोडी. ते तिथंच झोपत. पावसाळ्याचे दिवस कोरडे गेले, दिवाळी गेली, तरी नाना आले नाहीत. दांडा त्यांच्याकडंच होता. सुमनला तेव्हा दिवस गेले होते. हे मात्र त्यांना कसं कळवायचं, याचा तिनं बराच विचार केला. शेवटी नेवाशाकडं जाणाऱ्या एका ओळखीच्या कंडक्टरला म्हणाली, "छावणीवर नाना कंपाउंडर आहेत. त्यांना सांगा, दांड्यावाचून इंजिनाचं अडलंय, आणि सुमनला पाचवा महिना आहे." नाना दुसऱ्याच दिवशी आले. वाळून काटकी झाले होते, अंगाला शेणाचा आणि औषधाचा वास. दारात म्हणाले, "इंजिन कसं हाय?" आणि डोळे सुमनवरून काही हलेनात. दांडा आणायला ते विसरले होते.

मुलगी झाली. बारशाला आईनं नानांपुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "आता घ्या. आता सुटलात." नानांनी तांब्या उचलला, उठले, आणि आधी बॉयलरमध्ये पाणी ओतलं. उरलेलं आपण प्यायले. "ते बी माझ्यासंगं ऱ्हायलं होतं," म्हणाले. मग जेवायला बसले आणि भाकरी मागून घेतली. पुढचं वर्ष-दीड वर्ष नाना दर महिन्याला येत, जेवत, नातीला मांडीवर घेऊन रुळांशेजारी बसत. आता त्यांना कारणाची गरज नव्हती. पण जाताना काहीतरी खिशात टाकायची सवय सुटली नाही.

ते शेवटचे आले ते थंडीच्या दिवसांत. बरेच दिवस खोकला होता, अंगावरचा सदरा सैल झाला होता. डॉक्टरांना दाखवलं का, असं मी विचारलं, तर "डॉक्टर आमच्याच दवाखान्यात हायती" म्हणाले. रुमालात बांधून आणलेलं सगळं त्यांनी काढलं. शिट्टी, वॉल, दोन स्क्रू. एकेक जागच्या जागी बसवलं. स्क्रू पिळायला मात्र सुमनला सांगितलं. इंजिन भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत गेलं, शिट्टी वाजली, नात टाळ्या पिटत होती. नानांनी ते गार होऊ दिलं, पुसलं. मग नातीच्या गालावरून बोट फिरवलं, छत्री उचलली आणि चारच्या एसटीनं गेले.

मी स्टँडवर त्यांना बसवून परत आलो तर सुमन सोप्यावर इंजिनापुढं बसली होती. चिमणी, शिट्टी, वॉल, दांडे, एकेकाला हात लावून बघत होती. मला म्हणाली, "त्यांनी आज काही नेलं नाही."

"बरं झालं. पुरं झालं असेल एकदाचं."

"मला नेवाशाला पोचवा," ती म्हणाली. "आत्ता."

मी सकाळी जाऊ म्हणालो. ती पोरीला स्वेटर घालायला लागली होती, तेव्हा आम्ही पुढच्या एसटीला निघालो. नेवाशाला पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. नाना नुकतेच आले होते, खाटेवर टेकले होते, छत्री अजून हातातच होती. आम्हाला दारात बघून ते घाबरले.

"काय झालं इंजिनाला?"

"इंजिनाला काय बी झालेलं न्हाई," सुमन म्हणाली. "तुमच्यासाठी आलेय."

इतक्या वर्षांत दोघांत कोणी हे बोललं नव्हतं. मग त्यांनी छत्री बाजूला ठेवली, खाटेवर सरकून जागा केली आणि म्हणाले, "बस की मग."

मी दुसऱ्या दिवशी कामावर परतलो. ती त्यांच्याजवळ राहिली, महिनाभर, ते गेले तोपर्यंत. दोघं खूप बोलले म्हणे. तिच्या आईबद्दल, तिच्या लहानपणाबद्दल, पोरीचं नाक कोणावर गेलंय याबद्दल. इंजिनाचा विषय त्या महिन्यात एकदाही निघाला नाही, असं सुमन सांगते.