देवीचा कौल आणि आमची फायनल

तरुणपणी मी शाळेतल्या मुलींना फुटबॉल शिकवायचे. “हरायला घाबरायचं नाही,” असं रोज ठणकावायचे, आणि फायनलच्या सकाळी स्वतःच ग्रामदेवीला ‘जिंकू का?’ असा कौल लावायला धावले. काय ती शूर बाई! गुरवाने मूर्तीला फुलं चिकटवली. डावीकडचं फूल आधी पडलं, म्हणजे देवीचा नकार. मागे वळले, तर आमची गोलकीपर उभी.

“बाई, हरणार ना आपण?”

“नकार मला दिलाय गो, तुला नाही,” मी कसंबसं म्हटलं.

“मग तुम्ही खेळू नका, आम्ही खेळतो.”

सामना सुरू झाला आणि मी डोळे गच्च मिटून देवीला विनवत बसले. शेवटी ती गोलकीपरच गोलमधून ओरडली, “बाई, डोळे उघडा! हरतोय, पण बघा तरी!”